आईकडून आलं, पण आईच्या आईकडून नाही

सोलापूरकडच्या एका वडिलांनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. मुलगी तीन वर्षांची आहे. बसायला, उभं राहायला उशीर झाला, अजून एकही शब्द नाही, सतत हसते, तापात दोनदा झटके आले. वर्षभरापूर्वी मिथायलेशनची, म्हणजे जनुकांवरचा रासायनिक ठसा बघणारी तपासणी नॉर्मल आली आणि ‘अँजेलमन सिंड्रोम (मेंदूच्या वाढीवर परिणाम करणारा एक जनुकीय आजार) नाही’ असं सांगितलं गेलं. आता एक्सोम तपासणीत, म्हणजे जनुकांतली अक्षरं वाचणाऱ्या तपासणीत, यूबीई३ए या जनुकात दोष सापडलाय. तोच दोष आईच्या रक्तातही आहे, पण आई ठणठणीत आहे. आई म्हणजे या वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. नातेवाईक म्हणतात, नात्यात लग्न केलं म्हणून हे झालं. वडिलांची आई सुनेला बोल लावते. कुणीतरी सांगितलं, ‘प्रथिनं तोडणारं एन्झाइम बिघडलंय’, म्हणून घरात मुलीची डाळ, अंडी, दूध बंद केलंय. एन्झाइमची गोळी मिळते का, दुसरं मूल होऊ द्यावं का, असे प्रश्न आहेत. आणि शेवटी एक ओळ: ‘मेव्हणीचा साखरपुडा झालाय, सासरे म्हणतात तिला यातलं काही सांगू नका.’

तुम्ही ती ओळ जाता जाता लिहिलीत, पण मला विचाराल तर सगळ्यात तातडीचा प्रश्न तोच आहे. त्याच्याकडे येते. त्याआधी एक गोष्ट आजच्या आज करा: मुलीची डाळ, अंडी, दूध पुन्हा सुरू करा.

आपण खातो त्या प्रथिनांचं पचन जठरात आणि आतड्यात होतं. त्याची एन्झाइम वेगळी आणि ती तुमच्या मुलीत व्यवस्थित आहेत. काही चयापचयाच्या आजारांत प्रथिनं खरोखर मोजून द्यावी लागतात, बहुधा त्याच्याशी कुणीतरी गल्लत केली. यूबीई३एचं काम पेशीच्या आत चालतं, ताटातल्या वरणाशी त्याचा संबंध नाही. वाढत्या वयात, त्यातून झटके येणाऱ्या मुलीला उपाशी ठेवल्यासारखं होईल. गिळताना ठसका लागत असेल तर वरण जरा दाटसर करून, तिला ताठ बसवून भरवा, पण बंद करू नका.

मग हे एन्झाइम करतं काय? आंब्याची अढी आठवा. रोज कुणीतरी गवतात हात घालून एकेक आंबा चाचपतं आणि डागाळलेला ओळखून बाजूच्या टोपलीत टाकतं. टोपली उचलून नेणारा माणूस वेगळा असतो. पेशीतही असंच आहे. प्रथिनांचे तुकडे करणारं यंत्र म्हणजे प्रोटिआसोम. त्याच्याकडे कोणतं प्रथिन पाठवायचं, हे ठरवणारी माणसं वेगळी. निवडलेल्या प्रथिनाला युबिक्विटिन नावाचं ७६ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन चिकटवलं जातं, तीच खूण. ही व्यवस्था उलगडणाऱ्या अ‍ॅरन चिकानोव्हर, अवराम हर्शको आणि अर्विन रोझ यांना २००४चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. खूण लावायला तीन टप्प्यांची एन्झाइम लागतात. पहिलं युबिक्विटिनला कामासाठी तयार करतं, दुसरं ते वाहून आणतं, आणि तिसरं नेमकं प्रथिन ओळखून खूण लावतं. या तिसऱ्या प्रकारची माणसात सहाशेहून जास्त आहेत, कारण ओळखणारा हात प्रत्येक प्रथिनाला वेगळा लागतो. यूबीई३ए हा त्यातलाच एक हात. तो स्वतः काही तोडत नाही.

मेंदूत याचं महत्त्व फार. मूल शिकतं तेव्हा चेतापेशींचे जोड सतत बदलत असतात, आणि त्यासाठी काम संपलेली प्रथिनं वेळेवर बाजूला व्हावी लागतात. हा हात थांबला की जोडांची घडण बिघडते. बोलणं, तोल, झोप, झटके हे सगळं तिथून सुरू होतं.

नेटवर हे नाव शोधलंत तर गर्भाशयमुखाचा कॅन्सरही दिसेल. घाबरू नका. मानवी पॅपिलोमा विषाणूचं एक प्रथिन या एन्झाइमला हाताशी धरून पेशीचा राखणदार, पी५३, नष्ट करवतं. शास्त्रज्ञांना हे एन्झाइम आधी भेटलं ते तिथेच. तुमच्या मुलीला किंवा पत्नीला या दोषामुळे कॅन्सर होतो असं नाही.

आता गोळीचं. मिळत नाही. तोंडाने घेतलेलं एन्झाइम पोटातच पचून जाईल, ते मेंदूतल्या पेशींच्या आत पोचणार नाही. शिवाय प्रमाणही नेमकं लागतं. १५व्या गुणसूत्राचा हाच भाग आईकडून जादा आला तर त्या मुलांनाही ऑटिझम आणि झटके असतात. कमी चालत नाही, जास्तही चालत नाही.

तुमची पत्नी ठणठणीत कशी, हे या जनुकाचं सगळ्यात विलक्षण अंग आहे. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. शरीरात बहुतेक ठिकाणी दोन्ही चालतात. मेंदूतल्या चेतापेशींत मात्र वडिलांकडची प्रत बंद ठेवलेली असते आणि सगळा कारभार आईकडच्या एकट्या प्रतीवर चालतो. प्रत कुणाकडची, हे पेशीला कळतं ते त्या भागावरच्या रासायनिक ठशावरून. आणि हा ठसा दर पिढीला पुसून नव्याने मारला जातो. स्त्रीच्या शरीरात बीजांड तयार होताना तिच्या दोन्ही प्रतींवर ‘आईकडची’ असा ठसा बसतो, मग ती प्रत तिला स्वतःला कुणाकडूनही मिळालेली असो.

हे तुमच्या घराला लावून बघा. तुमच्या पत्नीच्या एका प्रतीत दोष आहे आणि तरी ती निरोगी आहे. म्हणजे दोषी प्रत तिच्या मेंदूत बंद असली पाहिजे. म्हणजेच ती तिच्या वडिलांकडची. तिच्या आईकडून आली असती तर ती स्वतः आजारी असती. तीच प्रत तिच्या बीजांडातून मुलीकडे गेली तेव्हा ठसा बदलला आणि मुलीच्या मेंदूचा कारभार नेमका त्या दोषी प्रतीवर येऊन पडला.

इंग्रजीत आँट आणि अंकलवर भागतं. आपल्याकडे मावशी वेगळी, आत्या वेगळी, मामा वेगळा, काका वेगळा. मी ओपीडीत हा आजार समजावते तेव्हा या शब्दांचा मला फार आधार वाटतो, कारण हे जनुक नेमकं तेवढंच विचारतं: आईकडून की बापाकडून? हाच दोष पुरुषांमागून पुरुषांत पिढ्यान्‌पिढ्या उतरला तर कुणाला काही होत नाही. तो एखाद्या मुलीकडे येतो, ती आई होते, आणि मग तिच्या मुलांत दिसतो.

पहिली तपासणी नॉर्मल का आली तेही इथेच कळेल. मिथायलेशनची तपासणी फक्त ठसा बघते, जनुकातली अक्षरं वाचत नाही. गुणसूत्राचा तुकडा गळालेला असणं, दोन्ही प्रती वडिलांकडूनच आलेल्या असणं, ठसाच चुकणं, ही कारणं तीत सापडतात, आणि अँजेलमनची सुमारे ८० टक्के मुलं यांत येतात. दहातल्या साधारण एका मुलात ठसा अगदी बरोबर असतो, पण जनुकातलं अक्षर चुकलेलं असतं. तुमची मुलगी त्यातली. त्यामुळे लक्षणं जुळत असताना नुसत्या नॉर्मल मिथायलेशनवर ‘अँजेलमन नाही’ म्हणून फाइल मिटवणं बरोबर नव्हे. तुमचं त्यात वर्ष गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नात्यातलं लग्न हे याचं कारण नाही. त्याने धोका वाढतो तो दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात अशा आजारांचा. तिथे नवरा-बायको दोघांकडे एकाच आजोबांकडून आलेला दोष असू शकतो. इथे एकच दोषी प्रत पुरते. तुमच्या पत्नीने परक्या घरात लग्न केलं असतं तरी धोका एवढाच होता. तुमच्याकडे हा दोष नाही, हेही मी रिपोर्ट न बघता जवळजवळ खात्रीने सांगते: तो तुमच्याकडे आला असता तर तुमच्या आईकडूनच आला असता, आणि मग तुम्ही हा प्रश्न लिहू शकला नसता.

हे तुमच्या आईपर्यंत आलं आहे तर तेही जरा स्पष्ट लिहिते. तुमचे सासरे म्हणजे तुमच्या आईचा सख्खा भाऊ. दोष सासऱ्यांकडे असेल आणि तो त्यांना त्यांच्या वडिलांकडून मिळाला असेल, तर तो तुमच्या आईकडेही असण्याची शक्यता निम्मी आहे. ज्या घराण्याला त्या बोल लावतात ते त्यांचंच माहेर आहे. पण वाद जिंकण्यासाठी त्यांचं रक्त तपासू नका. त्यांची मुलं मोठी झाली, निरोगी आहेत, त्यामुळे तुमच्या बहिणीलाही तपासणीची गरज नाही. त्यांच्याकडून माहिती मात्र जरूर घ्या. माहेरी किंवा सासरी कुणाचं न बोलणारं, हसरं, झटके येणारं मूल होतं का, लहानपणी गेलेलं कुणी होतं का, हे शांतपणे विचारा.

का विचारा म्हणते ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका मुलाच्या केसपेपरच्या मागे मी वंशावळ काढत होते, पुरुषांचे चौकोन, बायकांची वर्तुळं. मुलाचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, तोवर एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, आपल्या थोरल्या बहिणीच्या वर्तुळाखाली एक लहान वर्तुळ काढलं आणि त्यावर फुली मारली. ‘हसरी होती,’ म्हणाले. ‘बोलायची नाही. पाण्यात खेळायची. आठव्या वर्षी गेली.’ चाळीस वर्षांत घरात तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, ‘म्हणजे माझ्याकडून?’ मी म्हटलं, तुमच्याकडून, तुमच्या वडिलांकडून, त्यांच्याही आधी कुणाकडून. अक्षर कुठल्या पिढीत चुकलं हे कुणीच निवडलेलं नसतं. त्या दिवशी त्यांच्या मुलीने पहिल्यांदा मान वर करून बघितलं.

तुमच्या सासऱ्यांना मेव्हणीला सांगायचं नाही, यामागे मला हीच भीती दिसते. लग्न मोडेल ही भीती खोटी नाही, मी तशी मोडलेली लग्नं बघितली आहेत. पण हिशोब समजून घ्या. दोष सासऱ्यांमध्ये असेल तर मेव्हणीकडे तो असण्याची शक्यता निम्मी. तिच्याकडे असेल तर तिच्या प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता निम्मी. म्हणजे आज, काहीच न तपासता, तिच्या प्रत्येक बाळामागे धोका चारात एक इतका असू शकतो. आणि तिला स्वतःला कधीच काही जाणवणार नाही. गरोदरपणातली डबल मार्कर रक्ततपासणी, पाचव्या महिन्याची सोनोग्राफी, सगळं नॉर्मल येईल, कारण हा दोष त्यांत दिसतच नाही.

एका घरात मी हा निर्णय घरच्यांवर सोडला होता. ‘योग्य वेळी सांगू’ म्हणाले. आजारी मुलाची मावशी माझ्यासमोर आली तेव्हा तिला दिवस जाऊन पाच महिने झाले होते. तिने एवढंच विचारलं, ‘ताईचा रिपोर्ट कधीचा आहे?’ रिपोर्ट दोन वर्षांपूर्वीचा होता. तेव्हापासून मी पहिल्याच भेटीत मावशीबद्दल बोलते.

त्यामुळे माझं मत असं: सांगा, आणि तिला स्वतःला सांगा, तुमच्या पत्नीने सांगितलं तर उत्तम. होणाऱ्या नवऱ्याला कधी, किती सांगायचं हे तिने ठरवावं. ती सज्ञान आहे, माहिती तिची आहे. तुम्ही किंवा तिचे वडील परस्पर तिच्या सासरी काही बोलू नका. आम्ही डॉक्टरही तिच्या परवानगीशिवाय कुणाला सांगत नाही. लग्नाआधी सांगावं की नंतर, यावर माझ्याच क्षेत्रातल्या लोकांत दोन मतं सापडतील. गर्भ राहण्याआधी कळलं पाहिजे, यावर नाही.

सोपा मार्ग असा की आधी सासऱ्यांचं रक्त तपासा. त्यांच्यात दोष सापडला तर मेव्हणीची तपासणी हवीच, आणि पत्नीला भाऊ असेल तर त्याचीही. भावाची मुलं आजारी होणार नाहीत, पण त्याच्याकडे दोष असेल तर तो त्याच्या मुलींकडे शांतपणे जाऊ शकेल आणि पंचवीस वर्षांनी हीच कहाणी पुन्हा सुरू होऊ शकेल. सासऱ्यांच्या रक्तात सापडला नाही, तर बहुधा त्यांच्या एखाद्या शुक्रपेशीत हा बदल नव्याने झाला. मग मेव्हणीचा धोका खूपच कमी होतो, पण शून्य म्हणता येत नाही, कारण थोड्याच बीजपेशींत असलेला दोष रक्तात दिसत नाही. मेव्हणी तयार असेल तर सरळ तिचंच रक्त तपासणं सगळ्यात नेमकं.

तुमच्या दुसऱ्या मुलाचं उत्तर यातच आलं: प्रत्येक खेपेला शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. पहिलं मूल आजारी झालं म्हणून दुसऱ्याची पाळी चुकते असं नाही. नेमका दोष माहीत असल्यामुळे ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन किंवा सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजलातून तपासता येतं. आयव्हीएफ करून गर्भ रोपणाआधी तपासण्याचीही सोय आहे, पण ती महाग आणि दमवणारी आहे. जनुकीय आजारासाठी अशी तपासणी नोंदणीकृत केंद्रात कायदेशीर आहे. लिंग सांगितलं जात नाही आणि विचारूही नये. दोष आढळला तर पुढे काय, हे दोघांनी ठरवायचं. त्या निर्णयात मी कुणाला ढकलत नाही. फक्त दिवस गेल्यावर धावपळ नको, आधी भेटा.

मुलीबद्दल. अक्षर चुकलेल्या मुलांची प्रगती तुकडा गळालेल्या मुलांपेक्षा सहसा बरी असते, चालणं लवकर येतं, झटके कमी असतात. तुकड्याबरोबर इतर जनुकंही जातात, त्यात त्वचेच्या रंगाचं एक असतं. ‘घरात सगळ्यांत गोरी’ म्हणून ज्या बाळाचं कौतुक होत असतं त्याच्या हसण्यात मी कधी कधी निदान वाचते. तुमच्या मुलीला ते लागू नाही. झटक्यांसाठी कोणतं औषध चालू आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. कार्बामाझेपीन किंवा व्हिगाबॅट्रिन असेल तर न्यूरोलॉजिस्टना हा रिपोर्ट दाखवून विचारा, या आजारात त्यांनी झटके वाढू शकतात. स्वतःहून गोळी एकदम थांबवू नका. ताप आला की लगेच उतरवा. आणि हसरी मुलगी एक-दोन दिवस गुंगीत, मलूल, खाणं सोडून बसली, तर अंग न हलताही आतून झटके चालू असू शकतात, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) करून घ्या.

बोलणं फार येणार नाही, पण समजतं ते बोलण्यापेक्षा बरंच जास्त, हे धरून चाला. चित्रांच्या पाट्या, खुणा, टॅबलेट, जे जमेल ते आत्तापासून. स्पीच थेरपीला ‘बोलत नाही तर काय उपयोग’ म्हणून बंद करणारे खूप भेटतात, तसं करू नका. या मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते. तुमच्याकडे पाणी भरून ठेवावं लागत असेल, तर पिंप, बादल्या, हौद यांना झाकणं लावा आणि न्हाणीघराला वरून कडी घाला. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढून घ्या, त्याशिवाय कुठलीच योजना पुढे सरकत नाही.

इलाजाची आशा आहे का? आहे, आणि ती याच जनुकाच्या गमतीत आहे. तुमच्या मुलीच्या चेतापेशींत तुमच्याकडून आलेली निरोगी प्रत बंद पडून आहे. तिला बंद ठेवणारा एक आरएनए, म्हणजे जनुकांच्या भागावरून तयार होणारा एक रेणू, असतो. तो अडवून ही प्रत जागी करता येते, हे उंदरांत दिसलंय, आणि कण्यातल्या द्रवात इंजेक्शन देऊन माणसांवरच्या चाचण्या चालू आहेत. सुरुवातीच्या एका चाचणीत जास्त मात्रेने मुलांच्या पायांत तात्पुरता अशक्तपणा आला, चाचणी थांबवून मात्रा कमी करावी लागली. अजून हे बाजारात मिळणारं औषध नाही. स्टेम सेलच्या नावाने कुणी लाखो रुपये मागितले तर देऊ नका, त्या पैशात थेरपी होईल.

पुढच्या भेटीला जाताना मूळ रिपोर्टची सगळी पानं न्या. त्यात ‘सी.’ने सुरू होणारी दोषाची ओळ आहे, सासऱ्यांच्या आणि मेव्हणीच्या तपासणीला तेवढीच लागते. पुन्हा पूर्ण एक्सोम करायला सांगितलं तर विचारा, फक्त ही एक जागा तपासता येईल का. ती तपासणी बरीच स्वस्त पडते. आणि सासऱ्यांना बरोबर न्या. वंशावळ काढताना पेन त्यांच्या हातात असलेलं चांगलं.